लाल मासा, रुपयाएवढे डोळे: हा तामसो नव्हे, मग कोण?

खाडीकाठची

लग्न होऊन म्हापशाला आले त्याला अकरा वर्षं झाली. माहेर कोल्हापूर, त्यामुळे मासळीत माझा हात कच्चाच होता. पण बांगडा, तारले, इसवण, मुडदोशी यांत आता मला कोणी फसवू शकत नाही. परवा मात्र फसले. शुक्रवारचा बाजार, वरून पावसाची सर, आणि नेहमीची मासळीवाली आलेली नव्हती. तिच्या जागेवर दुसरीच बसली होती. टोपलीत लालभडक, सव्वा वीत लांबीचे मासे. "घे गो बाय, तामसोच हो, ल्हान आसा म्हूण सवाय." तामसो म्हणजे तांबोशी. ती स्वस्त म्हटल्यावर माझ्यातली कोल्हापूरकर जागी झाली. सहा घेतले.

घरी सिंकमध्ये ओतले तर सहाच्या सहा माझ्याकडे बघतायत. एकेक डोळा रुपयाएवढा, नाण्याएवढा म्हणजे खरंच नाण्याएवढा, मी ठेवून बघितलं. तोंड वरच्या बाजूला उघडणारं, जरा रुसल्यासारखं. खवले काढायला घेतले तर सुरी घसरायला लागली. कातडं मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. त्यात पाच मासे लाल आणि सहावा चंदेरी, अंगावर गुलाबी पट्टे. रंग तर मारला नसेल? ओल्या फडक्याने घासून बघितलं, रंग काही उतरला नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं, "हें कितें हाडलें गो?" म्हणाल्या आणि देवघरात निघून गेल्या.

तर मंडळी, हा मासा कोणता? एवढे डोळे कशाला? आणि खायचा की मांजराला घालायचा? सध्या फ्रीजमध्ये आहे. फ्रीज उघडला की बघतो.

सुशेगाद

रुमाल टाकून ठेवतो. माशांचा धागा आणि सासूबाई एकाच ठिकाणी, म्हणजे शंभर प्रतिसाद नक्की.

बांगडाप्रेमी

ताई, फसवलं तुम्हाला. तामशाचे डोळे एवढे नसतात आणि खवले चांगले मोठाले, सुरी लावली की टपाटप उडतात. हा बहुतेक राणी मासा.

खाडीकाठची

राणी मला माहीत आहे हो. ती गुलाबी, अंगावर पिवळसर रेघा, नाजूक. हा चांगला राकट आहे.

वरणभात

फ्रीजमध्ये सीसीटीव्ही बसवल्याबद्दल अभिनंदन.

भरतीओहोटी

दोन गोष्टी बघून सांगा. शेपटीचं टोक कसं आहे, सरळ कापल्यासारखं की चंद्रकोरीसारखं आत वळलेलं? आणि पोटाखालचे दोन पर ताणून बघा, ते अंगाला पातळ पडद्याने चिकटलेले आहेत का?

खाडीकाठची

शेपटी चंद्रकोर. दोन्ही टोकं बाहेर आलेली.

पोटाखालचे पर भलतेच मोठे आहेत. ताणले तर पंख्यासारखे उघडले, कडेला काळपट झाक, आणि आतली कड पोटाला पडद्याने जोडलेली, वटवाघळाच्या पंखासारखी. अंगावर मध्यभागी जी रेघ जाते तिच्यावर बारीक काळे ठिपकेही आहेत, ते आत्ता दिसले. धाकटा शेजारी उभा राहून "मम्मी, याला पॅराशूट आहे" म्हणतोय.

भरतीओहोटी

मग शंका नाही. हा प्रायाकँथस हॅमरूर. इंग्रजीत बुल्सआय म्हणतात, म्हणजे बैलडोळ्या. रंग मारलेला नाही, निर्धास्त राहा. हा मासा स्वतःचा रंग बदलू शकतो: कधी सगळा लाल, कधी चंदेरी, कधी पट्ट्यापट्ट्यांचा. तुमचा सहावा बहुतेक त्या अवस्थेत जाळ्यात सापडला.

नावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेटर फोर्स्कोल नावाचा निसर्गअभ्यासक, सजीवांना लॅटिन नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा विद्यार्थी, १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या मोहिमेबरोबर अरबस्तानात निघाला. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर तो मासे गोळा करी आणि तिथले लोक ज्या नावाने माशाला हाक मारत तेच नाव लॅटिनच्या गळ्यात बांधी. हॅमरूर हे असंच बाजारातलं अरबी नाव. अरबीत अहमर म्हणजे लाल. फोर्स्कोल १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने गेला, वय अवघं ३१. त्याचे कागद कार्स्टन निबुरने १७७५ मध्ये छापले. मोहिमेतला निबुर तेवढा जिवंत परतला, आणि परतीच्या वाटेवर आपल्या मुंबईत वर्षभराहून अधिक राहून गेला. म्हणजे तुमच्या सिंकमधल्या माशाचं शास्त्रीय नावसुद्धा मासळीबाजारातूनच आलंय. फक्त तिथल्या बायकांनी तामसो म्हणून खपवला नाही.

राहण्याची जागा: तांबडा समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, आपला अरबी समुद्र, तिकडे पॅसिफिकपर्यंत. प्रवाळाच्या बाहेरच्या उतारावर पंधरा-वीस मीटरलाही सापडतो, पण आपल्याकडे त्याचे मोठे थवे खोल पाण्यात, साधारण शंभर ते दोनशे मीटरच्या पट्ट्यात. गोव्यासमोर समुद्राचा तळ सावकाश उतरत जातो आणि शंभरेक किलोमीटरवर एकदम कडा कोसळल्यासारखा खाली जातो. त्या कड्याच्या अलीकडची ही वस्ती. दिवसा तळाजवळ नाहीतर कपारीत पडून राहायचं आणि रात्री वर येऊन शिकार करायची: बारीक कोळंबी, खेकड्यांची पिल्लं, माकलीची पिल्लं, छोटे मासे.

आता डोळे. दोनशे मीटर खाली भर दुपारीसुद्धा आपल्याकडच्या तिन्हीसांजेपेक्षा कमी उजेड. जो काही येईल तो गोळा करायचा म्हणून बाहुली मोठी, आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यापाशी आरशासारखा थर. प्रकाशाचा कण एकदा सुटला तर आरशावर आपटून पुन्हा हाताशी येतो. मांजराचे डोळे रात्री गाडीच्या दिव्यात चमकतात ते ह्याच युक्तीने. म्हणून तुमचा फ्रीज उघडला की तो "बघतो".

घाटावरचा_गडी

ताई, प्रतिसाद आवडला पण एक गोष्ट पटली नाही. सिग्नल लाल का ठेवतात? लांबून दिसावा म्हणून. मग हा गडी लपायचं सोडून लाल कपडे घालून का बसलाय?

भरतीओहोटी

हवेत तुमचं बरोबर. पाण्यात उलटं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं. निळा सगळ्यात खोल पोचतो. वीसेक मीटरच्या खाली लाल जवळजवळ उरतच नाही. अंगावर पडायला लाल उजेडच नसेल तर लाल वस्तू तो परतवणार कुठून? ती काळपट दिसते. खोल पाण्यात लाल कपडे म्हणजे काळी घोंगडी.

अंदमानवारी

ह्याचा अनुभव सांगतो. अंदमानात डायव्हिंगला गेलो होतो, वीस-बावीस मीटर. खडकाला हात घासला आणि बोटातून हिरवट-काळं काहीतरी निघायला लागलं. मला वाटलं काहीतरी विषारी चावलं. सोबतचा शिकवणारा हसत होता. वर येता येता त्याच धारेचा रंग तपकिरी आणि मग लाल झाला. माझी लाल पँटही खाली चिखलाच्या रंगाची दिसत होती. पोरीला नंतर व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, बाबा तुम्ही ही पँट कधी घेतली?

वरणभात

बायकोने घेतलेला लाल शर्ट आवडत नसेल तर दोनशे मीटर खोल जाऊन घालावा. नोंद घेतली आहे.

मालीमकर

धागा आज दिसला. आमच्या घरच्या दोन ट्रॉलर बोटी मालीमच्या जेटीला लागतात, वडिलांपासून. त्यामुळे ह्या माशावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

ह्या बैलडोळ्याला आमच्याकडे डिस्को म्हणतात. म्हणजे आमचे खलाशी म्हणतात. बोटीवर आता कर्नाटकचे, ओडिशाचे, झारखंडचे पोर; कारवार-मंगळूरकडच्यांनी हे नाव आणलं आणि ते चिकटलं. रात्री बॅटरी मारली की डोळे असे चमकतात की नाव योग्यच वाटतं. आमच्या आज्याला हा मासा माहीत नव्हता. तो किनाऱ्यावरून रापण ओढणारा माणूस, त्याच्या जाळ्यात हा येणार कुठून? बोटी आठ-आठ दहा-दहा दिवस बाहेर राहायला लागल्या, बर्फ साठवायला जागा झाली, तेव्हा हा वर आला. खाडीकाठच्या वहिनी, तुमच्या सासूबाई ओळखत नाहीत यात त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या चुलीपर्यंत हा कधी पोचलाच नव्हता.

मी शाळेत होतो तेव्हा वडील हा मासा परत समुद्रात टाकत. बर्फ महाग, जागा थोडी. तिथे इसवण ठेवायचा की हा? नंतर खताच्या आणि मासळीच्या पिठाच्या कारखान्यांत जायला लागला. मग सुरिमीवाले आले. आता निवडून वेगळ्या क्रेटमध्ये ठेवतो.

वर येतो तेव्हा बघण्यासारखा असतो आणि नसतोही. जाळं भरभर ओढलं की कित्येकांची आतडी-पोट तोंडातून बाहेर आलेलं असतं. नवीन पोर घाबरतात.

भरतीओहोटी

मालीमकरदादा, ते हवेच्या पिशवीमुळे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दीडशे मीटरवर सोळा वातावरणं. माशाच्या पोटातली हवेची पिशवी त्या दाबाला जुळवून घेतलेली असते. झटकन वर ओढलं की ती फुगते आणि पोट तोंडावाटे उलटं बाहेर ढकलते. म्हणून असा मासा परत समुद्रात सोडला तरी सहसा जगत नाही, त्याला खाली जाताच येत नाही.

मालीमकर

म्हणजे वडील परत टाकायचे ते फुकटच.

सुशेगाद

सुरिमी म्हणजे काय रे पात्राव? दारूचं नाव वाटतं.

तिरफळ

माशाचा कीस करायचा, थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा, वास-रंग-चरबी निघून गेली की उरतो पांढरा चिवट गोळा. त्याला हवा तो आकार आणि हवा तो वास. हॉटेलात तू ज्या क्रॅब स्टिक खातोस ना, त्यात खेकडा नसतो. राणी असेल, डिस्को असेल, आणखी कोणी असेल.

सुशेगाद

गेल्या महिन्यात कळंगुटला सातशे रुपये मोजले त्याचे. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

बांगडाप्रेमी

म्हणजे बघा, तो मासा मासा म्हणून शंभराला कोणी घेत नाही, आणि खेकडा म्हणून सातशेला खपतो. आणि खाडीकाठच्या ताईंना तामसो म्हणून खपला. बिचाऱ्याला स्वतःच्या नावाने कधी जगू देणार आहात?

इतिहासाचा_कीस

अवांतर: नावं बदलून मासे खपवण्यात जग आपल्या पुढे आहे. दक्षिण समुद्रातला पॅटागोनियन टूथफिश, म्हणजे दातवाला, कोणी खाईना. १९७७ मध्ये ली लँट्झ नावाच्या अमेरिकन मासळी-व्यापाऱ्याने त्याचं नाव चिलियन सी बास ठेवलं. तो बासही नाही. बघता बघता मोठ्या हॉटेलांत गेला. न्यूझीलंडकडच्या एका खोल पाण्यातल्या माशाच्या कुळाला इंग्रजीत स्लाइमहेड म्हणत, म्हणजे शेंबड्या डोक्याचा. त्याला ऑरेंज रफी केलं आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी मोठमोठी जाळी घेऊन बोटी त्याच्यावर तुटून पडल्या.

वरणभात

शेंबड्या डोक्याचा मासा. हसून हसून पुरेवाट. आमच्या वर्गात एक होता, त्याचंही नाव बदलायला हवं होतं.

दर्यावर्दी_नाही

रफीचं पुढे काय झालं तेही सांगा ना. तो मासा तिशीच्या आसपास वयात येतो आणि दोनशे वर्षंही जगतो. पेशवाईच्या शेवटाला जन्मलेला मासा ताटात. बोटींनी दहा-पंधरा वर्षांत थवेच्या थवे संपवले आणि मग लक्षात आलं की नवे यायला पिढ्या लागणार. आता कोणी सांगा, गोव्यात आपण डिस्कोचं तेच करतोय का? मालीमकर, राग मानू नका, पण "पूर्वी टाकायचो, आता क्रेट भरतो" हे मला आनंदाचं वाटलं नाही. खोल पाण्यातला मासा खाऊच नये असं माझं मत.

मालीमकर

राग नाही. पण मत देण्याआधी एकदा बोटीवर या. डिझेल, बर्फ, पोरांचे पगार. इसवण रोज मिळत नाही.

भरतीओहोटी

दर्यावर्दी, तुमचा मुद्दा रफीच्या बाबतीत सोळा आणे खरा, पण तो बैलडोळ्याला तसाच लावता येणार नाही. सगळी खोल पाण्यातली मासळी एका गोणीत भरू नका. रफी सातशे-हजार मीटरवरच्या थंडगार काळोखात राहतो, तिथे सगळं संथ: वाढ संथ, पिल्लं उशिरा. हा कड्याच्या अलीकडचा, उबदार पाण्यातला. भरभर वाढतो, आयुष्य काही वर्षांचंच, अंडी पाण्यावर तरंगत सोडतो आणि भरपूर सोडतो. त्याची खरी चिंता वेगळी आहे. त्याच जाळ्यात त्याच्याबरोबर आणखी काय काय येतं, आणि जाळ्याचं छिद्र केवढं आहे. बोटभर पिल्लं पिठाच्या कारखान्यात जात असतील तर लवकर वाढणाऱ्यालाही वाढायला वेळ मिळत नाही.

मालीमकर

ह्यात मी तुमच्याबरोबर आहे. बारीक छिद्राचं जाळं लावणारे आमच्यातच आहेत, नाव घेत नाही. एलईडी दिवे लावून मासे गोळा करणं आणि दोन बोटींनी मिळून ओढायचं बुल ट्रॉलिंग, दोन्हीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री समुद्रात क्षितिजावर उजेड दिसतो तो काही चतुर्थीच्या मंडपाचा नसतो.

सुशेगाद

बुल ट्रॉलिंगने बुल्सआय. शास्त्रज्ञांनी नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता.

मालीमकर

भरतीओहोटी ताई, मला एक विचारायचंय. दोन महिने बंदी, १ जून ते ३१ जुलै. बोटी सुटल्या की ऑगस्ट-सप्टेंबरात आम्हाला काही वेळा खोल पाण्यातलं नुस्तं (मासळी) ठरलेल्या जागेवर मिळतच नाही, आणि भलत्याच जागी एकदम ढीग मिळतो. वडील म्हणायचे, पावसात तळाचं पाणी "कुसतं". खरंच कुसतं का?

भरतीओहोटी

तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. कुसतं म्हणजे त्यातला प्राणवायू संपतो, आणि हे अगदी खरं आहे.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत एक जाड थर आहे, त्यात प्राणवायू जेमतेम. वरून मरून पडणारं सगळं तिथे कुजतं आणि ते कुजवणारे जीवाणू प्राणवायू खाऊन टाकतात; ताजं पाणी तिथवर फारसं पोचत नाही. पावसाळ्यात वारे किनाऱ्याला समांतर वाहतात, वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी कडा चढून वर येतं, अगदी किनाऱ्याजवळच्या उथळ भागापर्यंत. वर पावसाच्या, नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण, त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. पावसाच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, हे सगळ्यात वाईट होतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले (एनआयओ) नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी हे मोजून २००० मध्ये नेचर नियतकालिकात लिहिलं होतं.

आता माशाच्या जागी बसून बघा. खालून गुदमरवणारं पाणी चढतंय. पोहता येतं तो मासा वर किंवा बाजूला सरकणार आणि जिथे श्वास घेता येईल त्या पट्ट्यात दाटीवाटीने गोळा होणार. तुम्हाला एका जागी शून्य आणि दुसरीकडे ढीग. मासा वाढलेला नसतो, त्याचं घर आक्रसलेलं असतं.

मालीमकर

वडिलांना वाचून दाखवलं. "हांव तेंच सांगतालों" म्हणाले आणि चहा मागितला.

घाटावरचा_गडी

हा एक प्रतिसाद वेगळा काढून धागा करा संपादक. मी काढलेली सिग्नलची शंका आता लाजवते आहे.

तिरफळ

समुद्रविज्ञान झालं असेल तर कोणी त्या बाईंना सांगेल का मासा करायचा कसा? सहा मासे फ्रीजमध्ये आहेत आणि तुम्ही लोक पेशवाईत फिरताय.

वहिनी, खवल्यांच्या मागे लागू नका. ते निघणार नाहीत, नखं तुटतील. कातडंच काढायचं. डोक्याच्या मागे आडवी चीर द्या, पाठीवरच्या काट्यांच्या दोन्ही बाजूंनी उभी चीर, आणि चिमटीत मीठ घेऊन कातडं शेपटीकडे ओढा. मीठ नसेल तर हात घसरतो. मोजा काढल्यासारखं येतं. पाठीचे काटे टोकदार आहेत, आधी कात्रीने उडवा. आत मांस पांढरंशुभ्र, मऊ, काटे कमी. हुमण करा: खोबरं, बेडगी मिरची, हळद, धणे, वाटणात आंबटाला चिंच, आणि शेवटी ठेचलेली पाच-सहा तिरफळं. आयडीवर जाऊ नका, तिरफळ खरंच लागतं.

बांगडाप्रेमी

तिरफळ बांगड्याला आणि तारल्याला. तेलकट, उग्र माशाला. ह्या गरीब पांढऱ्या माशाला तिरफळ घातलं तर खायचं काय, तिरफळ? सोलं घालून साधी आंबट कढी करा, नाहीतर रवा लावून तळा.

तिरफळ

झालं. आता दोन गट पडणार.

अंदमानवारी

तिसरा गट: कातडं काढूच नका. अख्खा मासा निखाऱ्यावर ठेवा. कातडं जाड, ते जळतं आणि आतला मासा स्वतःच्या रसात शिजतो. मग सोलून खा. केळीचं पान वाचतं.

खाडीकाठची

एक राहिलंच. सगळे खोल पाण्यातला म्हणताय, तर पोटाला काही त्रास? २०१८ च्या मासळीतल्या फॉर्मेलीनच्या (मुडदे टिकवायचं रसायन) गोंधळापासून आमच्या घरी नवीन मासा म्हटलं की आधी चौकशी होते.

इतिहासाचा_कीस

पोट बिघडवणारे खोल पाण्यातले मासे वेगळे. ऑइलफिश आणि एस्कोलार. त्यांच्या मांसात मेणासारखं तेल असतं, ते आपल्याला पचत नाही आणि मग ते आपल्याला न विचारता खाली येतं. कळतसुद्धा नाही म्हणे. जपानने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

वरणभात

मी शाकाहारी का आहे ते आज पुन्हा एकदा कळलं.

भरतीओहोटी

बैलडोळ्याचं तसं काही नाही, मांसात चरबीच कमी. फक्त ताजा आहे का ते बघा: कल्ले लाल, मांस दाबलं की वर येणारं, डोळा फुगीर आणि नितळ. डोळा बघायला ह्या माशाइतका सोयीचा मासा दुसरा नाही.

हवाईयन_चप्पल

बहीण होनोलुलूत असते, तिला फोटो पाठवला. तिकडे ह्याच कुळातल्या माशाला आवेओवेओ म्हणतात. हे लाल मासे मोठ्या थव्याने किनाऱ्याजवळ आले की राजघराण्यातलं कोणीतरी जाणार असं जुन्या हवाईत मानत. सासूबाईंना सांगू नका.

खाडीकाठची

सांगून झालं. "आमी राजे न्हय" म्हणाल्या.

दर्यावर्दी_नाही

धागा कुठून कुठे गेला. मी माझं मत थोडं मागे घेतो. रफी नाही खाणार. डिस्को कोणी दिला तर विचार करीन, छिद्राचं विचारून.

खाडीकाठची

अहवाल देते. उशीर झाला, क्षमस्व.

कातडं मीठ लावून काढलं. पहिल्याला दहा मिनिटं लागली आणि अंगठ्यात काटा गेला, पाचव्याला दोन मिनिटं. खरंच मोजा निघाल्यासारखं. तिरफळ आणि बांगडाप्रेमी यांचं भांडण नको म्हणून तिघांचं हुमण केलं, दोन रवा लावून तळले आणि एक अंदमानवारींच्या पद्धतीने कातड्यासकट गॅसवर जाळीवर ठेवला. तो धूर बाल्कनीतून वरच्या मजल्यावर गेला, वरून फोन आला.

हुमणात तिरफळ जास्त झालं, बांगडाप्रेमी जिंकले. तळलेला सगळ्यात आधी संपला. भाजलेला मात्र सगळ्यांत चवदार; कातडं काळं कुळकुळीत झालं आणि सोललं तर आत नुसती वाफ आणि पांढऱ्या पाकळ्या. सासूबाईंनी आधी नको म्हटलं, मग माझ्या ताटातली एक पाकळी उचलली, मग स्वतःचं ताट घेतलं. "मोडसो बरो" (म्हणजे याहून मोडसो मासा बरा) एवढंच बोलल्या. पण भाजलेल्या माशाचं डोकं त्यांनीच चोखलं.

आणि एक. हुमणातल्या डोक्यांतून पांढऱ्या गोट्या निघाल्या, वाटाण्याहून मोठ्या, अगदी गोल. धाकट्याने धुऊन काडेपेटीत ठेवल्यात. भरतीओहोटी ताई, हे काय आहे? कानातला दगड का?

भरतीओहोटी

कानातला दगड चपटा असतो आणि कवटीच्या आत सापडतो. त्यावर झाडासारखी वर्तुळं असतात, त्यांवरूनच माशाचं वय मोजतात. ह्या गोट्या म्हणजे डोळ्यांतली भिंगं. शिजल्यावर अंड्यासारखी पांढरी होतात, कच्ची असताना काचेसारखी स्वच्छ. आपलं भिंग चपटं चालतं कारण हवेतून येणारा उजेड बुबुळावरच बराचसा वळतो. पाण्यात बुबुळाचा तो उपयोग संपतो, सगळं काम भिंगालाच करावं लागतं, म्हणून माशाचं भिंग गोटीसारखं गोल. धाकट्याला सांगा, पुढच्या वेळी शिजवण्याआधी एक काढ आणि वर्तमानपत्रावर ठेवून बघ. अक्षर मोठं दिसेल.

मालीमकर

मंगळवारी बोट लागतेय. वहिनी, किती ठेवू?

खाडीकाठची

सहा. कातडं काढून मिळेल का हो दादा?

मालीमकर

मिळेल. डोकी?

खाडीकाठची

डोकी ठेवा. धाकट्याने अर्ध्या वर्गाला गोट्या कबूल केल्यात.

वरणभात

सहा माशांच्या बाराच होतात. वर्गात किती मुलं आहेत ते आधी विचारा.